कुलगुरूंच्या केबिनमध्ये कोण येऊन गेलं? पुरवठादारांच्या भेटी कागदावरून शोधण्याची रीत

विद्यापीठाची निविदा महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर, झळकते तेव्हा बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं. परीक्षेचं सॉफ्टवेअर, उत्तरपत्रिकांची छपाई, प्रयोगशाळेतली यंत्रं, सुरक्षारक्षकांचं कंत्राट, वसतिगृहाची खानावळ, काहीही घ्या. निविदेच्या आधी कुणीतरी पुरवठादार कुणाच्या तरी केबिनमध्ये बसून, चहा घेऊन, माहितीपत्रक ठेवून गेलेला असतो. कोण आलं, कधी आलं, कुणाला भेटलं, काय बोलणं झालं, हे विद्यापीठ आपणहून सांगत नाही. हा लेख ते विचारून काढू पाहणाऱ्या नवख्या माणसासाठी आहे. तो विद्यार्थी असेल, प्राध्यापक असेल, नोंदणीकृत पदवीधर असेल किंवा स्थानिक वार्ताहर.

बाहेर काही ठिकाणी हे काम सोपं आहे. युरोपीय आयोगाचे आयुक्त कोणत्या कंपन्यांना आणि संघटनांना भेटले, हे डिसेंबर २०१४ पासून संकेतस्थळावर टाकावं लागतं. आयर्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांनाच वर्षातून तीनदा आपल्या गाठीभेटींचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे आहे तो माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. नीट वापरला तर या कामाला तो पुरतो. मात्र त्यात ‘भेटींची यादी द्या’ असं म्हणून चालत नाही, कारण तशी यादी कुणी केलेलीच नसते. भेटीमागे जे कागद उरतात, ते मागायचे. सगळं कसब त्यातच आहे.

हे का करायचं, याचं आठवणीतलं उदाहरण म्हणजे २०१७ चं मुंबई विद्यापीठ. उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत घाईने आणली गेली. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, पोरांचे परदेशातले आणि इथले प्रवेश लटकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. अशा वेळी सगळे विचारतात की कंत्राट कुणाला दिलं. त्याआधीचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ही पद्धत आणावी, आत्ताच आणावी, हे कुणाच्या डोक्यात कुणी आणि केव्हा घातलं?

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पुरवठादाराने अधिकाऱ्याला भेटणं हा गुन्हा नाही. बाजारात काय मिळतं हे कळायला भेटी घ्याव्याच लागतात, आणि न भेटता केलेली खरेदी कित्येकदा जास्त वाईट निघते. तेव्हा कुणाला चोर ठरवायला निघू नका. भेट झाली की नाही, तिची नोंद आहे की नाही आणि इतर पुरवठादारांनाही तशीच संधी मिळाली की नाही, एवढंच बघायचं.

आधी खरेदी निवडा, माणूस नंतर

‘कुलगुरूंना गेल्या तीन वर्षांत भेटलेल्या सर्व व्यक्तींची नावे’ असा अर्ज केलात तर तो हमखास फेटाळला जातो. माहिती अवाढव्य आहे, विस्कळीत आहे, खासगी आहे, अशी तीन कारणं एकाच परिच्छेदात मिळतात. म्हणून एक खरेदी धरा. ती कशी शोधायची? विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतो, त्याची पुस्तिका मिळवा. गेल्या वर्षी नसलेलं किंवा एकदम फुगलेलं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची बाब, डोळ्यांत भरतं. व्यवस्थापन परिषदेची इतिवृत्तं बऱ्याच विद्यापीठांच्या संकेतस्थळावर असतात. त्यांत ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आलेले ठराव आधी वाचा. कार्यक्रमपत्रिकेत नसलेली कोट्यवधींची खरेदी ऐन वेळी का आली, हा प्रश्न विचारण्यासारखाच असतो.

मग महाटेंडर्सवर जाऊन त्या निविदेचा क्रमांक, प्रसिद्धीची तारीख, निविदापूर्व बैठकीची तारीख आणि नंतर निघालेली शुद्धिपत्रकं (निविदेतल्या दुरुस्त्या) उतरवून घ्या. वस्तू जेम पोर्टलवरून (केंद्र सरकारच्या ऑनलाइन खरेदी बाजारातून) घेतली असेल तर तिथला क्रमांक घ्या. हे सगळं घरबसल्या, एक पैसा न भरता होतं. अर्ज करायच्या आधी हे केलंच पाहिजे.

निर्णय कोण घेतं, ते नीट समजून घ्या

महाराष्ट्रातली सार्वजनिक विद्यापीठं २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखाली चालतात. सही कुलगुरूंची दिसते, पण पुरवठादार हुशार असतो. तो जिथे मजकूर लिहिला जातो तिथे जातो. परीक्षेशी संबंधित काम असेल तर परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, पैशाचं असेल तर वित्त व लेखा अधिकारी, इतर बहुतेक बाबतींत कुलसचिव. यंत्रसामग्री असेल तर विभागप्रमुख, पुस्तकं आणि ई-जर्नल असतील तर ग्रंथालयाचे म्हणजे ज्ञानस्रोत केंद्राचे संचालक. शिवाय खरेदी समिती असते, आणि तिच्या आधी तांत्रिक तपशील ठरवणारी दोन-चार प्राध्यापकांची छोटी समिती. माझ्या मते या छोट्या समितीकडेच सर्वांत जास्त लक्ष द्यावं. निविदेतली पात्रतेची अट तिथे लिहिली जाते, आणि एका ओळीच्या अटीने दहापैकी आठ कंपन्या बाद होऊ शकतात. पुढे लिफाफे किती का पारदर्शकपणे उघडा!

भेटीमागे काय काय उरतं

इथे जरा सावकाश जाऊ.

पहिला कागद म्हणजे पुरवठादाराचं पत्र. ‘सादरीकरणासाठी वेळ मिळणेबाबत’ अशा विषयाचं. ते टपालाने आलं किंवा हातोहात दिलं गेलं तरी आवक नोंदवहीत चढतं, त्यावर शिक्का आणि क्रमांक पडतो. साहेब ते वाचून समासात शेरा मारतात: ‘कु.स., चर्चा करावी’ (कु.स. म्हणजे कुलसचिव), ‘परीक्षा विभाग, सादरीकरण आयोजित करावे’. हा शेरा म्हणजे सोनं. वरून खाली सूचना कधी गेली, ते त्याखालच्या तारखेवरून कळतं. म्हणून अर्जात नुसती ‘पत्रे’ मागू नका, ‘त्यांवरील शेऱ्यांसह’ हे शब्द घाला. नाहीतर कंपनीने पाठवलेली कोरी प्रत हातात पडते.

दुसरा कागद अभ्यागत नोंदवही. फाटकावर एक असते, मुख्य इमारतीत एक असते आणि कुलगुरू कार्यालयाच्या दारात बहुतेक तिसरी. रकाने ठरलेले: अनुक्रमांक, नाव, कुठून आले, कुणाला भेटायचं, काम, आत जाण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, सही. ‘काम’ या रकान्यात फार अपेक्षा ठेवू नका. तिथे ‘भेट’, ‘ऑफिस काम’, ‘वैयक्तिक’ असंच लिहिलेलं असतं, किंवा वरच्या ओळीखाली नुसती दोन टिंबं. कामाचे रकाने म्हणजे ‘कुठून आले’ आणि वेळेचे दोन. एकाच कंपनीचं नाव तीन आठवड्यांत चार वेळा आणि दर वेळी तास-दीड तास, एवढं दिसलं तरी पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. मोठे लोक मात्र नोंदवहीत सही न करताच आत जातात. त्यांच्या गाडीची नोंद फाटकावर मिळते का, ते पाहा.

नोंदवही किती महत्त्वाची ठरू शकते, याचा दाखला देशाने २०१४ मध्ये पाहिला. सीबीआयच्या तेव्हाच्या संचालकांच्या घरची अभ्यागतांची वही सर्वोच्च न्यायालयात सादर झाली. तपासाशी संबंधित लोक तिथे येत होते असा आरोप होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने त्या संचालकांना टू-जी (मोबाइल स्पेक्ट्रम वाटप) प्रकरणाच्या तपासापासून दूर राहायला सांगितलं. दारावरच्या माणसाने बॉलपेनने भरलेल्या वहीवरून हे सगळं घडलं.

तिसरं, सादरीकरणाचे कागद. डेमो ठेवला की सभागृह आरक्षित होतं, सूचना निघते, उपस्थिती पत्रकावर सह्या होतात, चहा-नाश्त्याचं बिल लागतं. इतिवृत्त लिहिलं गेलं नसेल तरी बिल असतंच, कारण बिलाशिवाय पैसे निघत नाहीत. लेखा विभागातल्या आतिथ्य खर्चाच्या प्रमाणकावर (व्हाउचरवर) ‘अमुक कंपनीचे सादरीकरण, उपस्थिती १४’ असं लिहिलेलं सापडतं.

चौथं, दौरे. कारखाना किंवा दुसऱ्या विद्यापीठातली यंत्रणा ‘पाहायला’ समिती जाते. त्याचा मंजुरी आदेश, प्रवासभत्त्याचं देयक, गाडीचं लॉगबुक आणि परत आल्यावरचा अहवाल. दौरा झाला आणि प्रवासभत्त्याचं देयकच नाही, असं निघालं तर ‘मग खर्च कुणी केला’ हे पुढच्या अर्जात विचारा.

ई-मेल विसरू नका. कायद्याच्या कलम २(च) मध्ये माहितीच्या व्याख्येत ई-मेल स्पष्ट लिहिलेला आहे. अधिकृत खात्यावरचा, अमुक विषयाचा, अमुक दोन तारखांमधला पत्रव्यवहार असं बांधून मागा. आणि शेवटी नस्तीतली (फाईलमधली) टिपणी. कारकुनापासून कुलगुरूंपर्यंत फाईल कशी चढली आणि ‘चर्चेप्रमाणे’ हा शब्द कुठे आला, ते पाहा. ‘चर्चेप्रमाणे सुधारित तपशील सादर’ असं लिहिलं असेल तर ती चर्चा कुणाशी, हे विचारायला तुम्हाला आता आधार मिळाला.

सीसीटीव्हीचं चित्रण मागता येतं, पण ते थोड्याच दिवसांत पुसलं जातं. घटना ताजी असेल तरच त्याच्या नादी लागा.

अर्ज

महाराष्ट्र शासनाच्या नियमांप्रमाणे अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून दोन बंधनं आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ही बंधनं जाचक आहेत असं पुष्कळांना वाटतं. मला वाटतं त्यांनी अर्ज सुधारले. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर तुमचं विद्यापीठ असेल तर तिथून करा. नसेल तर आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, किंवा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. कारण लिहायची गरज नाही. कलम ६(२) प्रमाणे ते विचारताही येत नाही. अर्ज स्वतःच्या नावाने करा, संघटनेच्या नाही, कारण हा हक्क नागरिकाचा आहे.

मजकूर साधारण असा:

*विषय: निविदा क्र. ……… (परीक्षा सॉफ्टवेअर) संदर्भातील पुरवठादारांचा पत्रव्यवहार व सादरीकरणे.*
*कालावधी: ……… ते ………*
*१. सदर विषयावर कोणत्याही पुरवठादाराकडून कुलगुरू, कुलसचिव, संचालक (परीक्षा) व वित्त व लेखा अधिकारी यांच्या कार्यालयांत आलेली पत्रे व ई-मेल, त्यांवरील शेऱ्यांसह.*
*२. या पत्रांच्या नोंदी असलेली आवक नोंदवहीची पाने.*
*३. पुरवठादारांच्या सादरीकरणांच्या सूचना, उपस्थिती पत्रके, इतिवृत्ते व त्यावरील खर्चाची प्रमाणके.*
*४. तांत्रिक तपशील ठरविणाऱ्या समितीच्या नेमणुकीचा आदेश व तिची इतिवृत्ते.*
*५. निविदापूर्व बैठकीचे इतिवृत्त, प्राप्त प्रश्न व दिलेली उत्तरे.*
*प्रथम अभिलेखांची पाहणी करून नंतर निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती हव्या आहेत.*

अभ्यागत नोंदवही यात घातलेली नाही, आणि ते मुद्दाम. ती घातली की ‘विषय दोन आहेत’ म्हणून अख्खा अर्ज परत येण्याची भीती. तिच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे दहा रुपये. कालावधी निविदा प्रसिद्ध होण्याच्या सहा महिने आधीपासून कार्यादेशापर्यंत (काम देण्याच्या आदेशापर्यंत) धरा. फार मागे गेलात तर कागदाचा ढीग वाढतो, फार पुढे सुरू केलंत तर नेमकी कामाची भेट निसटते.

‘का’, ‘कसे’, ‘योग्य आहे काय’ असले शब्द अर्जातून काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगून ठेवलं आहे की कार्यालयात असलेली माहिती द्यायची असते. नसलेली तयार करून किंवा मत बनवून देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. ‘सर्व भेटींचा तक्ता करून द्या’ हेही त्यातच बसतं. तक्ता आपण करायचा.

विद्यार्थी असाल आणि अंतर्गत गुणांची धास्ती वाटत असेल, तर दुसऱ्या गावच्या मित्राने स्वतःच्या नावाने अर्ज करणं पूर्ण कायदेशीर आहे. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर टपालपेटी क्रमांक चालावा, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं होतं. ही काळजी फाजील समजू नका. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. विद्यापीठाच्या खरेदीत सहसा तितकी जोखीम नसते, तरी एकट्याने करण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून केलेलं चांगलं.

राज्याबाहेरचे किंवा केंद्रीय विद्यापीठाबाबत विचारणारे असाल तर नियम बदलतात. वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय किंवा मुंबईचं आयआयटी केंद्राच्या नियमांत येतात. तिथे मर्यादा ५०० शब्दांची, कोर्ट फी स्टँप चालत नाही आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं. गोवा विद्यापीठासाठी गोव्याचे नियम आणि गोव्याचा आयोग. खासगी विद्यापीठं या कायद्यात सरळ येत नाहीत.

पाहणीला जाल तेव्हा

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. चांगलं उत्तर म्हणजे ‘अमुक दिवशी येऊन अभिलेख पाहावेत’. दोघं जा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. टेबलावर ठेवलेल्या नस्तीचा पृष्ठक्रमांक आधी बघा. पानांना क्रमांक असतात. ४१ नंतर ४४ आलं तर तिथल्या तिथे ‘पृ. ४२ व ४३ पाहणीसाठी उपलब्ध नव्हते’ असं पाहणीच्या नोंदीत लिहून कर्मचाऱ्याची सही घ्या. सही द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी तसा ई-मेल करा. हवी ती पानं निवडा. प्रती दोन रुपये पानाने मिळतात. साक्षांकितच घ्या, कारण मोबाइलचा फोटो पुढे कुणी मानत नाही. विद्यापीठातले कारकून बहुतेक वेळा सभ्य असतात, कित्येकदा मदतच करतात. त्यांच्याशी वाद घालू नका. जे झालं ते त्यांनी केलेलं नसतं.

नकार कसे येतात आणि त्यांना काय म्हणायचं

सर्वांत आवडता नकार कलम ८(१)(घ): वाणिज्यिक गुपित. कंपनीचा सोर्स कोड, दराचं पृथक्करण हे गुपित असू शकतं. पण कंपनीचा प्रतिनिधी अमुक तारखेला सार्वजनिक कार्यालयात आला, यात स्पर्धकाला काय फायदा? शिवाय निविदा उघडून कार्यादेश निघाल्यावर स्पर्धाही संपलेली असते. अपिलात हे दोन मुद्दे साध्या भाषेत मांडा.

दुसरा, कलम ८(१)(ञ), ज्याला सगळे ‘आठ एक जे’ म्हणतात. वैयक्तिक माहिती. इथे आता सावध राहायला हवं, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या कलमातली सार्वजनिक हिताची आणि सार्वजनिक कामाशी संबंधाची जुनी सवलत काढून ते छोटं आणि कडक केलं. यामुळे नोंदवहीच्या अर्जांना नकार मिळणं सोपं झालं आहे. यावर उतारे दोन. एक, व्यक्तीचं नाव-फोन नको, संस्थेचं नाव, तारीख, वेळ आणि कुणाला भेटले एवढंच हवं, असं अर्जातच लिहा. कंपनी ही व्यक्ती नव्हे. कलम १० प्रमाणे फोन नंबर काळे करून बाकीचं पान देता येतं. दोन, कलम ८(२) अजून शाबूत आहे. जाहीर करण्यातलं सार्वजनिक हित नुकसानापेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. सार्वजनिक पैसा, विद्यार्थ्यांची संख्या आणि खरेदीची रक्कम, हे तीन आकडे इथे मांडायचे.

तिसरा, ‘त्रयस्थ पक्षाची हरकत आहे’. कलम ११ प्रमाणे माहिती अधिकारी पाच दिवसांत कंपनीला नोटीस देतो, कंपनीला म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात. कंपनी बहुतेक वेळा हरकत घेतेच. पण हरकत ऐकून घ्यायची असते, तिच्यापुढे मान तुकवायची नसते. निर्णय माहिती अधिकाऱ्याचा असतो आणि तो कारणांसह लिहावा लागतो. नुसतं ‘कंपनीने नकार दिला आहे’ हे कारण नाही.

चौथा गमतीदार. ‘नोंदवही सुरक्षा एजन्सीकडे असते, ती आमच्या अभिलेखात नाही.’ कलम २(ञ) मध्ये ‘नियंत्रणाखालील’ माहितीही येते. एजन्सीला पगार विद्यापीठ देतं, करारनामा विद्यापीठाचा आहे, वही विद्यापीठाच्या दारावर भरली जाते. करारनाम्याची प्रत मागून घ्या. त्यात अभिलेख सोपवण्याची अट सहसा असते.

पाचवा, ‘अभिलेख आढळून येत नाही’. मग विचारा की तो कोणत्या वर्गात होता, त्याची जतनाची मुदत किती होती आणि नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद कुठे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. वाटेल तेव्हा वही रद्दीत घालता येत नाही. हा प्रश्न विचारल्यावर हरवलेल्या वह्या कधीकधी सापडतात.

आणि ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ हे उत्तर आलं तर नाराज होऊ नका. सही-शिक्क्यानिशी मिळालेलं हे वाक्य पुढे अधिसभेत फार उपयोगी पडतं.

अपील

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटत नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टँप. विद्यापीठांत अपिलीय अधिकारी म्हणून अनेकदा कुलसचिव किंवा उपकुलसचिव असतात. म्हणजे ज्यांच्या भेटींबद्दल विचारलं तेच सुनावणी घेणार, असंही घडतं. तसं असेल तर ते अपिलातच नम्रपणे नोंदवा. सुनावणीला स्वतः जा, एका पानाचं लेखी म्हणणं द्या. पहिल्या अपिलाचा निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे तुंबलेली प्रकरणं इतकी आहेत की त्याच्या भरवशावर बसू नका. अपील चालू राहू द्या आणि तोवर छोटे, नेमके नवे अर्ज करा. मुदत टळून मिळालेली माहिती कलम ७(६) प्रमाणे फुकट द्यावी लागते, आणि आयोगाला अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० पर्यंत दंड करता येतो.

तारखा शेजारी शेजारी ठेवा

कागद हाती आले की एका लांब कागदावर तारखा उतरवा. डाव्या बाजूला अधिकृत टप्पे: समितीची नेमणूक, तांत्रिक तपशील पक्के झाले तो दिवस, निविदा प्रसिद्धी, निविदापूर्व बैठक, शुद्धिपत्रक, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, कार्यादेश. उजव्या बाजूला भेटी, पत्रं, डेमो, दौरे.

समिती नेमण्याआधीच्या भेटी ही बाजाराची चाचपणी असू शकते. तिथे एवढंच बघा की डेमोला किती कंपन्या बोलावल्या होत्या. एकच असेल तर का? तपशील पक्के होण्याच्या आठवड्यात एकाच कंपनीच्या भेटी असतील तर कंपनीचं माहितीपत्रक आणि निविदेतल्या अटी शेजारी ठेवून वाचा. समजा निविदेत ‘किमान पाच राज्य विद्यापीठांत सलग तीन वर्षे काम’ अशी अट आहे आणि माहितीपत्रकात हेच वाक्य ‘आमचा अनुभव’ या मथळ्याखाली आहे, तर तुम्हाला वेगळं काही सिद्ध करायची गरज उरत नाही. कागद बोलतो.

निविदा प्रसिद्ध झाल्यापासून लिफाफे उघडेपर्यंतच्या भेटी सर्वांत गंभीर. या काळात सगळ्या शंका निविदापूर्व बैठकीत, सगळ्यांसमोर विचारायच्या असतात आणि उत्तरं सगळ्यांना द्यायची असतात. अशा भेटीनंतर दोन-चार दिवसांत शुद्धिपत्रक निघालं असेल तर ते कुणाच्या सोयीचं होतं, ते तपासा. आर्थिक लिफाफा उघडल्यावर वाटाघाटी झाल्या असतील तर त्या फक्त सर्वांत कमी दरवाल्याशी, आणि लेखी, असं अपेक्षित असतं. केंद्रीय दक्षता आयोगाने हे २००७ मध्येच सांगितलं आहे. राज्य विद्यापीठावर तो आदेश थेट बंधनकारक नसला तरी मोजपट्टी म्हणून तो पुढे करता येतो.

कुठे काही गैर दिसलं नाही तर तसंही सांगा. नुसत्या योगायोगाने जुळलेल्या तारखा असतातच.

मग काय करायचं

छापण्याआधी विद्यापीठाला आणि त्या कंपनीला लेखी प्रश्न पाठवा, उत्तराला आठवडा द्या. ‘भेट झाली’ आणि ‘भ्रष्टाचार झाला’ या दोन वाक्यांमधलं अंतर तुमच्याकडच्या कागदाने भरलं नसेल तर दुसरं वाक्य लिहू नका. कनिष्ठ कर्मचाऱ्यांची नावं गाळा.

एका खरेदीचा छडा लागला की मागणी कायमची करावी. कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात. ही यादी किमान आहे, तिच्यापेक्षा जास्त जाहीर करायला कुणाची मनाई नाही. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून आलेले दहा सदस्य असतात, त्याशिवाय प्राध्यापकांचे प्रतिनिधी. त्यांच्यापैकी एखाद्याला गाठा, कागदांचा संच द्या आणि ठराव मांडायला सांगा. ठरावाचा मसुदा छोटा ठेवा: ठरावीक रकमेवरच्या खरेदीबाबत कुलगुरू, कुलसचिव, संचालक आणि समिती सदस्य यांना भेटलेल्या पुरवठादार संस्थेचं नाव, तारीख, विषय आणि उपस्थितांची पदं दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावीत, निविदा काळातील भेट फक्त निविदापूर्व बैठकीत व्हावी, तपशील समितीच्या सदस्यांनी हितसंबंध नसल्याचं लेखी द्यावं. पाच रकान्यांची एक एक्सेल फाईल, कुलसचिव कार्यालयातला एक लिपिक, महिन्याला अर्धा तास. खर्चाचं कारण कुणाला पुढे करता येणार नाही.

प्रश्न आणि ठराव अधिसभेच्या बैठकीआधी ठरलेल्या मुदतीत कुलसचिवांकडे द्यावे लागतात. ही मुदत विद्यापीठाच्या परिनियमांत असते आणि ती एका दिवसाने हुकली तरी विषय सहा महिने मागे पडतो. त्यामुळे अर्ज करायच्या आधीच पुढच्या अधिसभेची तारीख विचारून घ्या आणि तिथून उलटं मोजत या: अर्जाचे तीस दिवस, अपिलाचे पंचेचाळीस, पाहणीचा एक आठवडा आणि सदस्याला कागद वाचायला निदान पंधरा दिवस.